शब्दांचे शासन

नांदेडहून नरसी, देगलूर करीत हैदराबादेस जाणाऱ्या सडकेवर नायगाव बाजार वसले आहे. या मुलखातून वसूल ज्या दिशेने जाई त्याच दिशेने हुकूम येत, आणि हुकुमांच्या पाठोपाठ राज्यकारभाराची भाषाही आली. पटवारी, गिरदावर, पेशकार, तहसील, पहाणी, खसरा, मुन्तखब, दाखल-खारीज हे शब्द येथील शेतकऱ्याच्या तोंडी असे रुळले, की हैदराबादच्या निजामांची आसफजाही सल्तनत लयास जाऊन अनेक दशके लोटल्यावरही जमिनीच्या वादात जुना माणूस तलाठ्याला पटवारीच म्हणतो. ज्या प्रदेशात सत्तेची भाषा एक आणि रयतेची भाषा दुसरी असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्या प्रदेशात शब्द हे शासनाचे केवढे मोठे साधन आहे याची जाण लोकांना पुस्तकांवाचून आली असल्यास नवल नाही.

कोणता शब्द बोलावा आणि कोणता बोलू नये, याविषयीचा वाद आपल्याकडे हल्ली पुष्कळ चालतो. एका पक्षास सौम्य, सन्मानपूर्वक भाषा हा सुसंस्कृततेचा कस वाटतो, तर दुसऱ्या पक्षास ती सत्यावर घातलेली मुसकी वाटते. मराठवाड्याच्या गेल्या शतकाचा इतिहास पाहिला असता या वादात दोन सर्वथा भिन्न गोष्टी एकत्र कालविल्या गेल्या आहेत असे माझे मत झाले आहे. दुर्बलाच्या मानाचे रक्षण करणारा सौम्य शब्द वेगळा आणि प्रबलाच्या कृत्यावर पांघरूण घालणारा सौम्य शब्द वेगळा. आणि हा भेद ओळखल्यावाचून भाषेच्या औचित्याची चर्चा न्यायाच्या दिशेने एक पाऊलही पुढे सरकत नाही.

निजामी राजवटीने शब्दांचे सामर्थ्य पुरते जाणले होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग गौरवास्पद असला, तरी मराठी, तेलुगू व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने ती देशी भाषा परकीच होती. सभाबंदीची ‘गश्ती निशाण ५३’, म्हणजे परिपत्रक क्रमांक ५३, तर सर्वांच्या परिचयाची होती. परवानगीवाचून जाहीर सभा भरविणे तिच्यामुळे अशक्य झाले, आणि म्हणून राजकीय आकांक्षांना वाङ्‌मयाचे व समाजसुधारणेचे वेष घ्यावे लागले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यातही भाषेची आर्जवी सावधगिरी होती. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या रीतसर स्थापनेपूर्वीच बंदी आली. सरकारचा रोष संस्थेच्या नावावरही होता. नाव बदलून मान्यता मिळविण्याच्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या आणि ही बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले.

त्याच १९३८ च्या जानेवारीत ब्रिटिश मुलखात, मुंबईच्या विधिमंडळात, शब्दाचाच एक प्रसंग घडला. स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ ही संज्ञा योजिली होती. महात्मा गांधींनी ती सद्भावनेने प्रचारात आणली होती यात संशय नाही. परंतु ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्या वतीने दादासाहेब गायकवाडांनी तीस हरकत घेतली, आणि बहुमताच्या बळावर ती कायम होताच डॉ. आंबेडकरांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. शब्द कितीही गोड असो, तो आम्हांस विचारल्यावाचून आमच्या माथी लावण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे तत्त्व त्या दिवशी महाराष्ट्रात कृतीने सांगितले गेले. सन्मानाच्या भाषेचा तो पहिला आणि अखेरचा नियम आहे असे मी मानतो.

आता पांघरुणाच्या शब्दाकडे वळू. जानेवारी १९४८ मध्ये नायगावपासून जवळच असलेल्या उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला. निजामाच्या पोलिसांच्या लेखी तो दरोडा होता. लढणाऱ्यांच्या लेखी तो मुक्तिसंग्रामाचा निधी होता. त्याच वर्षी १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत भारतीय सैन्याने मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद संस्थान ताब्यात घेतले. रणगाडे आणि विमाने यांच्यासह झालेल्या या मोहिमेस भारत सरकारने ‘पोलीस कारवाई’ म्हटले. हैदराबादने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे गाऱ्हाणे नेलेले असल्यामुळे, हे परराज्यावरील आक्रमण नसून घरातील बंदोबस्त आहे, असे जगास सांगणे आवश्यक होते. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या जुलमांनी पोळलेल्या जनतेस मुक्तता हवीच होती, आणि ती मिळाली, हे निर्विवाद आहे. मात्र ‘पोलीस कारवाई’ या दोन शब्दांत जे मावले नाही ते पुष्कळ होते. नेहरूंनी धाडलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने संस्थानात फिरून अहवाल दिला, त्यात कारवाईच्या वेळी व नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या किमान २७ ते ४० हजार अशी अंदाजिली होती, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बीदर यांच्या जोडीला नांदेडचे नाव होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. खेड्यातील वृद्ध माणसे आपले वय ‘पोलीस ॲक्शन’च्या अलीकडे-पलीकडे मोजीत, पण त्या वेळच्या प्रेतांनी भरलेल्या विहिरींविषयी आणि ओस पडलेल्या घरांविषयी बोलण्यास त्यांच्याजवळ शब्द नव्हता, कारण राज्याने तो दिला नव्हता.

या प्रदेशाच्या वाट्यास शब्दाची सर्वांत कठोर परीक्षा आली ती १९७८ साली. २७ जुलैस विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. मराठवाड्यातील उच्च शिक्षणाशी बाबासाहेबांचा संबंध उपरा नव्हता. विद्यापीठ १९५८ साली निघाले, आणि त्यापूर्वी आठ वर्षे, १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाची वाट घालून दिली होती. तथापि ठराव होताच वणवा पेटला. दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली.

ज्यांनी नामांतरास विरोध केला त्यांतील सर्वांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. मुक्तिसंग्रामात सर्वस्व पणास लावलेले गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ वृत्तपत्राचे संपादक अनंतराव भालेराव यांच्यासारखी थोर माणसे त्या बाजूस होती, आणि त्यांच्या मनात जातिद्वेष होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ‘मराठवाडा’ हे नाव त्यांनी निजामाशी झुंजून राखले होते. परंतु ‘मराठवाड्याची अस्मिता’ हा शब्दप्रयोग सभेतून, अग्रलेखातून गावच्या पारावर उतरला तेव्हा त्याचा अर्थ बदलला. त्या अस्मितेत सालगडी म्हणून राबणारा, गायरानाचा तुकडा वाहणारा, गावकीची कामे नाकारून मुलास शाळेत धाडणारा माणूस धरला जात नव्हता. किंबहुना गायरान, मजुरी आणि गावकी यांवरून साचलेला राग उघडपणे बोलणे लाजिरवाणे असल्यामुळे त्या रागास हा प्रतिष्ठित शब्द उपयोगी पडला. पुढे या हल्ल्यांस ‘दंगल’ म्हटले गेले. दंगलीस दोन पक्ष लागतात. येथे घरे एकाच पक्षाची जळत होती. लोकमत घडविण्याचे काम खोट्या बातमीहून अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या नामानेच अधिक होते, हे त्या वर्षी मराठवाड्याने पाहिले.

नंतरची सोळा वर्षे सत्याग्रह, मोर्चे आणि बलिदाने यांत गेली. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च नेला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले, आणि नामांतराऐवजी ‘नामविस्तार’ ही संज्ञा रूढ झाली. कोणाचेही नाव गेले नाही, एक नाव वाढले, असा तिचा आशय होता. ही तडजोड कोणास अपुरी वाटली, कोणास नाइलाजाची. परंतु दोन्ही बाजूंस घरी जाता येईल अशी वाट एका शब्दाने काढून दिली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरास, मुक्तिसंग्रामदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. या जिल्ह्यांतील ज्या खेड्यांत विद्यापीठाच्या नावाच्या निमित्ताने वस्त्या पेटल्या, त्यांतील मुलांच्या पदवीपत्रावर आता ते विद्यापीठच राहिले नाही. जी घरे जळाली ती नावासाठी जळाली नव्हती, याचा याहून बिनतोड पुरावा कोणता?

नावाचा प्रश्न विद्यापीठापुरता नव्हता. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांच्या नावापुढे एक जात, नातवाच्या नावापुढे ‘नवबौद्ध’, अशा नोंदी याच भागात पानोपानी आढळतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीपर्यंत मिळत नव्हत्या, म्हणून कागदावर सोडलेला धर्म धारण करणे अनेकांस प्राप्त होते. १९७२ साली दलित पँथरांनी अभिमानाने मिरविलेला ‘दलित’ हा शब्द वृत्तवाहिन्यांनी टाळावा अशी सूचना ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने केली, तेव्हा त्या समाजातील अनेकांनीच तीस विरोध केला. उलट डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरविले, तेव्हा खेड्यातील कित्येक वस्त्यांनी ती नावे सरकारच्या आधीच पाट्यांवर रंगविलेली होती. कागद मागाहून आला. निवड आधी झाली होती. म्हणूनच ती नावे तोंडात बसली.

यावरून भाषेच्या औचित्यासाठी एक साधा निकष हाती येतो. शब्दाने ज्याचा निर्देश होतो तो दुर्बल असेल, तर त्याने निवडलेले नाव निमूटपणे उच्चारावे. त्यात उच्चारणाऱ्याचे काही जात नाही आणि ऐकणाऱ्याचे माणूसपण राखले जाते. शब्दाने ज्या कृत्याचा निर्देश होतो ते प्रबलाचे असेल, तर त्याचे खरे नाव मागावे, मग ते कानास कितीही कठोर लागो. माणसांशी मृदू आणि कृत्यांशी स्पष्ट अशी भाषा ज्या समाजास साधते तोच समाज आपल्या लोकमताचा धनी होतो; आणि निजामाच्या गश्तीपासून नामविस्तारापर्यंत शब्दांची इतकी मोठी किंमत मोजलेल्या मराठवाड्याने ही भाषा आपल्या शाळांतून, वृत्तपत्रांतून आणि ग्रामसभांतून आग्रहाने बोलावी, हे त्याचे कर्तव्य आहे.