वऱ्हाडातील देहविक्रय आणि कायद्याची भिंत

राळेगाव आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी ते ज्या वऱ्हाडात येते तो मुलूख 1956 पर्यंत मुंबईच्या अमलाबाहेर होता, आणि म्हणून महाराष्ट्राचा म्हणून सांगितला जाणारा देहविक्रयविषयक कायद्यांचा इतिहास, म्हणजे 1923 चा मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा किंवा 1934 चा देवदासी संरक्षण कायदा, हा वऱ्हाडाचा इतिहास नव्हे. नावाला निजामाच्या आणि कारभाराला इंग्रजांच्या असलेल्या या भागात भारतीय दंडसंहितेची 372 व 373 ही कलमे अल्पवयीन मुलींच्या खरेदी-विक्रीला शिक्षा सांगत. सज्ञान स्त्रीच्या देहविक्रयाला मात्र त्या संहितेने गुन्हा ठरवले नव्हते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी वऱ्हाडासह विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षाअखेर संसदेने जो कायदा केला, तोच 1986 च्या दुरुस्तीनंतर अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम, पोलिसांच्या बोलीत ‘पिटा’, म्हणून ओळखला जातो. देहविक्रय स्वतः गुन्हा नाही, असेच त्याचे मूळ सूत्र आहे. पण दोघींनी परस्परांच्या फायद्यासाठी एका घरात धंदा केला, तर ते घर कुंटणखाना ठरते, आणि अशा स्त्रीच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील व्यक्ती, मग ती तिची म्हातारी आई का असेना, कलम 4 च्या कचाट्यात सापडू शकते. स्त्रीला एकटी असेपर्यंतच मोकळीक देणारे हे संरक्षण विचित्रच म्हणावे लागेल. देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांपासून दोनशे मीटरच्या आत मनाई करणारे कलम 7 लहान गावात लावू गेल्यास बाहेर उरणारी जागा थोडीच.

या कलमांचा वापर विदर्भाने जवळून पाहिला तो ऑगस्ट 2021 मध्ये, नागपूरची ‘गंगा-जमुना’ ही जुनी वस्ती पोलिसांनी बंद केली तेव्हा. त्याआधी वर्षभरच मुंबई उच्च न्यायालयाने सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क असल्याचे सांगून तीन तरुणींना सुधारगृहातून मुक्त केले होते. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव करमासकर प्रकरणात, म्हणजे कोलकात्यातील एका खुनाच्या खटल्यातून वाढत गेलेल्या प्रकरणात, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना छाप्यांत अटक करू नये, मुलाला आईपासून केवळ तिच्या व्यवसायामुळे तोडू नये, आणि रहिवासाचा पुरावा नसला तरी आधार कार्ड द्यावे, असे निर्देश दिले. मात्र आधारसाठी लागणारे प्रमाणपत्र राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्याचे किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाचे असावे लागते, आणि महाराष्ट्राच्या या संस्थेचे कार्यालय मुंबईत आहे.