कॅबिनेटची कुळकथा

घरच्या घरी संगणक जुळवू पाहणारा मनुष्य प्रोसेसरच्या, मदरबोर्डाच्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या गुणदोषांची चिकित्सा मोठ्या बारकाईने करतो. परंतु हे सर्व भाग ज्या पेटीत बसवावयाचे, जिला आपल्याकडचे दुकानदार आणि गिऱ्हाइके एकमुखाने कॅबिनेट म्हणतात, तिची निवड मात्र तो बहुधा अगदी शेवटी, उरलेल्या रकमेत भागेल आणि नजरेला रुचेल एवढेच पाहून उरकून टाकतो. वस्तुतः या साऱ्या सामग्रीत दीर्घायुषी वस्तू तीच होय. आतले भाग काही वर्षांत कालबाह्य होतात, कॅबिनेट मात्र त्यांच्या दोनतीन पिढ्यांना आश्रय देऊ शकते. आणि हे सामर्थ्य तिच्या पत्र्याच्या जाडीतून आलेले नसून, गेल्या चार दशकांत अनेक हातांनी मुक्रर केलेल्या आणि सर्वांनी पाळलेल्या मोजमापांतून आलेले आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष शोधू गेल्यास आपण १९७५ सालच्या जानेवारीत पोहोचतो. अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या महिन्यात ‘अल्टेअर ८८००’ हे यंत्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे एड रॉबर्ट्‌स यांच्या एमआयटीएस या कंपनीने ते तयार केले होते, आणि दर्शनी फळीवर खटक्यांच्या व दिव्यांच्या रांगा असलेल्या त्या धातूच्या पेटीचे सर्व भाग गिऱ्हाइकाने स्वतः डाख देऊन जुळवावयाचे होते. मुखपृष्ठावर छापलेली पेटी प्रत्यक्षात रिकामी होती. कारण सिद्ध झालेला नमुना न्यूयॉर्ककडे जाताना वाटेत गहाळ झाला होता. पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅपल १’ बाजारात आला तो केवळ एक जुळवलेला बोर्ड म्हणून, ६६६.६६ डॉलर किमतीला. ट्रान्सफॉर्मर, कळफलक आणि पेटी ज्याची त्याने पाहावयाची होती, आणि कित्येकांनी त्यासाठी लाकडाच्या पेट्या करून घेतल्या. १९७७ साली जेरी मॅनॉक यांनी ‘अ‍ॅपल २’ला सुबक प्लॅस्टिकचे आवरण दिले खरे, परंतु या काळात बहुतेक पेट्या आपापल्या यंत्रापुरत्या होत्या आणि एकाच्या पेटीत दुसऱ्याचा बोर्ड बसण्याची सोय सहसा नव्हती.

ती सोय कोणीही हेतुपूर्वक केली नाही. ती वहिवाटीने उत्पन्न झाली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्याच्या पोलादी पेटीत विस्तारासाठी पाच खाचा आणि अवघ्या ६३.५ वॅटचा वीजपुरवठा होता. कंपनीने त्याच्या रचनेचे आराखडे तांत्रिक पुस्तिकेत छापून प्रसिद्ध केले, त्यामुळे या यंत्राशी जुळणारे बोर्ड आणि पुढे संपूर्ण यंत्रेच इतर कारखानदार बनवू लागले. १९८३ सालच्या ‘एक्सटी’ या प्रतिरूपात खाचा आठ झाल्या, आणि त्या मावाव्यात म्हणून दोन खाचांतील अंतर एका इंचावरून ०.८ इंचावर, म्हणजे २०.३२ मिलिमीटरवर आणण्यात आले. एका यंत्राच्या गरजेपोटी ठरलेले हे अंतर आजही अबाधित असून, आजचे ग्राफिक्स कार्ड दोन खाचांचे की तीन खाचांचे असे आपण विचारतो, तेव्हा त्याच १९८३च्या मापाने मोजत असतो. १९८४च्या ‘एटी’ने १९२ वॅटचा पुरवठा, किल्लीचे कुलूप असलेली दर्शनी बाजू आणि पुढील दशकभर टिकलेले एक नाव या घराण्याला दिले; तैवानमधील आणि अन्यत्रचे कारखानदार ‘एटी कॅबिनेट’ या एकाच नावाखाली एकमेकांच्या बोर्डांना जागा देणाऱ्या पेट्या घडवू लागले.

पेटीच्या पुढील भागातील कप्प्यांची वंशावळ याहूनही जुनी आहे. शुगार्ट असोसिएट्‌स या कंपनीने १९७६ साली सव्वापाच इंची फ्लॉपीचे यंत्र काढले. फ्लॉपी गेली, तिच्या जागी सीडी आली, सीडीनंतर डीव्हीडी आली, परंतु कप्प्याची रुंदी फ्लॉपीच्याच हुकमात राहिली; आणि साडेतीन इंची फ्लॉपीच्या कप्प्यात मावावी म्हणून चार इंच रुंदीची घडवलेली हार्ड डिस्क, ती फ्लॉपी नामशेष होऊन किती काळ लोटला तरी, त्याच मापाने विकली जात आहे. स्क्रूंचीही हीच कथा: वीजपुरवठ्याला आणि साडेतीन इंची डिस्कला इंची मापाचा जाड आट्यांचा स्क्रू लागतो, तर डीव्हीडीला आणि अडीच इंची डिस्कला तीन मिलिमीटरचा बारीक आट्यांचा, म्हणून नव्या कॅबिनेटबरोबर येणाऱ्या पुडीत दोन्ही प्रकार असतात आणि चुकीचा पिळला तर आटे मरतात.

पोलादाचा पत्रा केवळ मजबुतीसाठी आहे असेही समजू नये. संगणकाच्या मंडलातून रेडिओलहरी बाहेर पडतात आणि शेजारच्या रेडिओ-दूरदर्शनच्या ग्रहणात विक्षेप आणतात. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने यासंबंधी नियम घातले, तेव्हा टँडी कंपनीच्या लोकप्रिय ‘टीआरएस-८० मॉडेल १’चे उत्पादन १९८१ साली थांबवावे लागले. बंद धातूची पेटी अशा लहरींना आतच कोंडते; धातूचे वेष्टन विजेचा प्रभाव अडवते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली प्रयोगाने दाखवलेलेच होते.

एटी पेटीत उणिवा होत्याच. वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या दिसायला सारख्या असल्याने उलटसुलट बसण्याचा धोका होता, म्हणून दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी याव्यात हा मंत्र प्रत्येक कारागीर पाठ करीत असे. आणि दर्शनी बटणापर्यंत घरगुती विजेचा पूर्ण दाब आलेला असे. जुलै १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचा मसुदा प्रसिद्ध करून या सर्वांची फेरमांडणी केली. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड काटकोनात फिरवून बसवला गेला, मागच्या बाजूची सर्व द्वारे १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरच्या एका चौकटीत आली, वीजजोडणी एकाच दिशेने बसेल अशी झाली, आणि दर्शनी बटणात अल्प दाबाचा केवळ संकेत उरला. खाचांतील जुने अंतर मात्र मुद्दाम तसेच ठेवले गेले. हा मसुदा कोणालाही वाचता येत होता, म्हणून कोणालाही पाळता आला.

आपल्याकडे १९९१नंतर आयातीचे निर्बंध सैल होत गेले आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांतून ‘असेंबल्ड’ संगणक जुळवून देण्याचा व्यवसाय बहरला, तो या सामायिक मापांच्या बळावर. तेथील पावतीवर कॅबिनेट आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा, पुष्कळदा एकाच ओळीत येत, आणि त्या जोडीत कोणाचाही बोर्ड बसे. या मापांची सनद किती पक्की झाली होती हे २००४ साली दिसले: वाढत्या उष्णतेवर उपाय म्हणून खुद्द इंटेलने ‘बीटीएक्स’ ही नवी मांडणी पुढे केली, परंतु बाजाराने ती स्वीकारली नाही आणि कमी तापणारे प्रोसेसर आल्यावर २००६च्या सुमारास ती सोडून देण्यात आली. ज्याने तहनामा लिहिला त्यालाही तो एकट्याने मोडता आला नाही.

आज कॅबिनेटची खरी कसोटी उष्णतेची आहे. जेथे मूळ आयबीएम यंत्राचा संपूर्ण पुरवठा ६३.५ वॅटचा होता, तेथे ‘आरटीएक्स ४०९०’ हे एकच ग्राफिक्स कार्ड ४५० वॅट खाते, ३०४ मिलिमीटर लांब असते आणि तीन खाचा अडवते. म्हणून रंगीत दिवे आणि काचेची भिंत पाहण्यापूर्वी कार्डाची लांबी, प्रोसेसरवरील कूलरची उंची आणि वीजपुरवठ्याचे माप कागदावर मांडावे. पुढची बाजू हवा आत घेणारी, जाळीची असावी. आणि आपल्या धुळीच्या प्रदेशात काढून धुता येईल अशी गाळणी असल्याखेरीज कोणतेही कॅबिनेट घेऊ नये. परंतु या सर्वांहून मोठी अट एकच: आत कोणाचाही एटीएक्स बोर्ड आणि कोणाचाही वीजपुरवठा बसला पाहिजे. तयार मिळणाऱ्या पुष्कळ संगणकांच्या पेट्या आपल्याच खास मापाच्या असतात, आणि त्यांतील बोर्ड निकामी झाला की चांगला पत्रा भंगारात जातो. स्वतःच्या हाताने यंत्र जुळवण्याचे आणि पुनःपुन्हा सुधारण्याचे स्वातंत्र्य सामान्य माणसाला मिळाले ते प्रोसेसरच्या वेगाने नव्हे, तर या सार्वजनिक मापांनी. ते टिकवावयाचे असेल, तर ती मापे पाळणारीच पेटी आपण विकत घेतली पाहिजे.