सक्तीची हॅट, सवयीची हॅट : तुर्कस्तानातील १९२५ चा टोपी कायदा आणि त्याचे सामाजिक परिणाम

प्रस्तावना

पोशाख हे केवळ शरीररक्षणाचे साधन नसते. धर्म, दर्जा, व्यवसाय आणि राजनिष्ठा यांची ती जाहीर खूण असते. डोक्यावर काय घातले आहे याला तर सर्वच समाजांत विशेष अर्थ असतो. पगडी, पागोटे आणि फेटा यांवरून माणसाचा पेशा व प्रतिष्ठा ओळखणाऱ्या मराठी समाजाला हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त युरोपीय व्यापाऱ्यांसाठी ‘टोपीकर’ असा शब्द येतो. म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी राज्यात टोपी ही परक्याची ओळख होती. ऑटोमन तुर्कस्तानातही हीच भावना होती, किंबहुना अधिक तीव्र होती. तेथे ‘हॅट घालणे’ हा वाक्प्रचार स्वधर्म सोडून फिरंग्यांना मिळणे या अर्थाने रूढ होता.

अशा देशात २५ नोव्हेंबर १९२५ रोजी कायदा करून पुरुषांच्या डोक्यावर कडेची हॅट आणली गेली. कायद्याने माणसाला टोपी घालायला लावता येते; परंतु ती संकोच न बाळगता, स्वतःची म्हणून वापरण्याचा आत्मविश्वास कायदा देऊ शकतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

फेझ : कालची परकी, आजची स्वकीय

१९२५ मध्ये धर्माची खूण म्हणून जिचा कैवार घेतला गेला ती फेझ, म्हणजे भारतात ‘तुर्की टोपी’ या नावाने परिचित असलेली लाल टोपी, मुळात फार जुनी नव्हती. सुलतान दुसरा महमूद याने १८२६ मध्ये जानिसारी सैन्य मोडून काढले आणि नव्या लष्करासाठी ट्युनिसकडून आलेली ही बिनकडेची टोपी स्वीकारली. १८२९ च्या पोशाखविषयक आज्ञेने ती मुलकी अधिकाऱ्यांनाही लागू झाली. दर्जानुसार वेगवेगळे बांधले जाणारे फेटे त्यामुळे दरबारातून व कचेऱ्यांतून गेले. फेटा मुख्यतः धर्मपंडितांपुरता उरला.

त्या काळी फेझ हीसुद्धा नवी आणि म्हणून संशयास्पद वस्तू होती. तिला विरोधही झाला. मात्र दोन-तीन पिढ्यांत ती इतकी अंगवळणी पडली की तीच मुसलमानी परंपरेचे प्रतीक ठरली. विशेष म्हणजे यांपैकी कितीतरी टोप्या ऑस्ट्रियातील कारखान्यांतून येत. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया व हर्झेगोविना हे प्रांत आपल्या राज्यास जोडले, तेव्हा इस्तंबूलमध्ये ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पुकारला गेला आणि त्या बहिष्काराचा पहिला फटका फेझलाच बसला. ज्या टोपीसाठी पुढे माणसे जीवावर उदार झाली, ती अशी दुहेरी आयात होती. परंपरा पुष्कळदा विस्मरणातून घडते, हे यावरून दिसते.

कास्तामोनूचा दौरा

२९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक स्थापन झाले आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत संपुष्टात आली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल (१९३४ नंतरचे आतातुर्क) यांनी पोशाखाकडे लक्ष वळवले. ऑगस्ट १९२५ मध्ये ते उत्तरेकडील कास्तामोनू या प्रांतात गेले. हा भाग सनातनी वळणाचा मानला जाई आणि तेथील लोकांनी त्यांना पूर्वी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. त्यामुळे तेथील जनतेच्या मनात त्यांची पहिली प्रतिमाच हॅटसह उमटणार होती. या दौऱ्यात त्यांच्याजवळ पांढरी पनामा हॅट होती. ती ते कधी डोक्यावर ठेवत, कधी हातात धरून उघड्या डोक्याने लोकांना भेटत.

इनेबोलू या बंदराच्या गावी केलेल्या भाषणात त्यांनी विषयाला थेट हात घातला. तोपर्यंत ‘हॅट’ हा शब्द टाळण्यासाठी ‘उन्हापासून बचाव करणारे शिरोभूषण’ अशी आडवळणाची शब्दरचना वापरली जाई. केमाल यांनी बूट, विजार, सदरा, टाय आणि कोट यांचा क्रमाने उल्लेख करून, या पोशाखाला पूर्णता देणाऱ्या कडेच्या शिरोभूषणाचे नाव हॅट आहे, असे उघडपणे सांगितले. निषिद्ध शब्दाचा उच्चार सर्वोच्च सत्ताधाऱ्याने भर सभेत केला, हेच या प्रसंगाचे महत्त्व होय. मात्र येथे दिसलेला आत्मविश्वास हा युद्ध जिंकलेल्या सेनानीचा होता. सामान्य शेतकरी किंवा दुकानदार यांच्याजवळ तो असण्याचे कारण नव्हते.

कायदा, विरोध आणि शिक्षा

सप्टेंबर १९२५ च्या आरंभी सरकारी नोकरांना हॅट बंधनकारक झाली. पाठोपाठ २५ नोव्हेंबरला ६७१ क्रमांकाचा कायदा संमत झाला. प्रतिनिधिगृहाचे सदस्य व सरकारी नोकर यांनी हॅट घालावी, तुर्की जनतेचे सर्वसाधारण शिरोभूषण हॅट हेच आहे आणि त्याविरुद्ध जाणारी सवय चालू ठेवण्यास सरकार मनाई करते, असा त्याचा आशय होता. स्त्रियांच्या पोशाखाविषयी हा कायदा काहीच बोलत नाही. स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी व बुर्साचे प्रतिनिधी नुरेद्दीन पाशा यांनी हे विधेयक राज्यघटनेशी विसंगत असल्याचा आक्षेप घेतला. तो मान्य झाला नाही.

एर्झुरुम, सिवास, मराश व रिझे येथे निदर्शने झाली. कुर्द प्रदेशातील शेख सैद यांच्या उठावानंतर मार्च १९२५ मध्ये सरकारने विशेष अधिकार घेतले होते आणि ‘स्वातंत्र्य न्यायाधिकरणे’ पुन्हा सुरू केली होती. या न्यायाधिकरणांनी हॅटविरोधकांना कारावासाच्या, तसेच फाशीच्या शिक्षा दिल्या. इस्किलिपचे धर्मपंडित आतिफ होजा यांनी फिरंग्यांच्या अनुकरणावर टीका करणारी पुस्तिका १९२४ मध्ये, म्हणजे कायदा होण्यापूर्वी, प्रसिद्ध केली होती. तरीही त्यांच्यावर खटला चालून ४ फेब्रुवारी १९२६ रोजी अंकारा येथे त्यांना फाशी देण्यात आले. डोक्यावरील टोपीचा प्रश्न डोके राहण्याचा प्रश्न झाला होता. या सुधारणेचे मूल्यमापन करताना ही किंमत वगळता येत नाही.

नमाज आणि टोपीची कड

विरोधाच्या मुळाशी केवळ हट्ट नव्हता, एक व्यावहारिक अडचणही होती. नमाजात कपाळ जमिनीला टेकवावे लागते आणि डोके झाकलेले ठेवण्याची रीत होती. बिनकडेची फेझ घालून हे सहज साधे. हॅटची कड मात्र कपाळ व जमीन यांच्यामध्ये येई. म्हणूनच कड हा वादाचा खरा विषय होता.

या अडचणीवर तोडगा सरकारने नव्हे, तर सामान्य माणसांनी काढला. सर्व बाजूंनी कड असलेल्या हॅटऐवजी त्यांनी केवळ पुढच्या बाजूस छज्जा असलेली चपटी कापडी टोपी, म्हणजे ‘कास्केत’, निवडली. शेतात काम करताना तिचा छज्जा डोळ्यांवर सावली धरी. नमाजाच्या वेळी ती उलटी फिरवली की छज्जा मागे जाई आणि कपाळ मोकळे होई. कायद्याचा भंग होत नव्हता आणि धर्माचरणही अडत नव्हते. अनातोलियाच्या खेड्यांत ही टोपी पुढे अनेक दशके पुरुषांचा नित्याचा वेश होऊन राहिली. लोकांनी लादलेल्या वस्तूला आपल्या गरजेप्रमाणे वळवले आणि मगच ती आपली मानली.

अर्धशतकानंतर

या प्रक्रियेचे फलित १९६० व १९७० च्या दशकांतील राजकारणात दिसते. सुलेमान देमिरेल यांचा जन्म १९२४ मध्ये, म्हणजे कायद्याच्या आदल्या वर्षी, इस्पार्ता प्रांतातील इस्लामकोय या खेड्यात झाला. ग्रामीण व परंपरानिष्ठ मतदार हा त्यांच्या पक्षाचा मोठा आधार होता. तरीही त्यांची ओळख ठरली ती त्यांची फेडोरा हॅट. सभांमध्ये ते ती उंचावून जनसमुदायाला अभिवादन करीत. १२ मार्च १९७१ च्या लष्करी इशाऱ्यानंतर त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा ‘हॅट उचलून निघून गेले’ अशा शब्दांत त्याचे वर्णन झाले आणि ते भाषेत रुळले. त्यांचे प्रतिस्पर्धी बुलेंत एजेवित यांनी मात्र कष्टकऱ्यांची कास्केत आपलीशी केली होती. ज्यांच्या आजोबांच्या पिढीला हॅट हा धर्मत्याग वाटे, त्यांचे नेते आता हॅटच्या प्रकारावरून ओळखले जात होते.

शेजारच्या इराणचा अनुभव येथे उद्बोधक आहे. रझाशाह यांनी प्रथम छज्जा असलेली ‘पहलवी’ टोपी आणि १९३५ मध्ये पूर्ण कडेची युरोपीय हॅट सक्तीची केली. त्या वर्षी जुलैमध्ये मशहद येथील गौहरशाद मशिदीत जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार होऊन अनेक लोक मारले गेले. १९४१ मध्ये रझाशाह पदच्युत झाले आणि सक्तीला आधार उरला नाही. तुर्कस्तानात हॅटला पन्नास वर्षांचा अवधी आणि लोकांनी घडवलेला पर्याय लाभला; इराणमध्ये यांपैकी काहीच लाभले नाही.

निष्कर्ष

६७१ क्रमांकाच्या कायद्याला १९८२ च्या राज्यघटनेच्या १७४ व्या कलमाने संरक्षण दिले आहे. तथापि त्याच्या उल्लंघनासाठी दंडसंहितेत असलेली कारावासाची तरतूद मार्च २०१४ मध्ये रद्द झाली. तत्पूर्वी फेब्रुवारी २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, १९९६ साली अंकारात फेटे व धार्मिक वेश घालून फिरणाऱ्या एका पंथाच्या अनुयायांना झालेली शिक्षा धर्मस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरवली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पुरुषांनी हॅट घालणे सोडले, तसे ते तुर्की शहरांतही सुटले. सक्ती कागदावर उरली आणि सवयही ओसरली.

या इतिहासावरून असे दिसते की शासन वस्त्र बदलू शकते आणि भीतीपोटी ते पाळलेही जाते. परंतु वस्त्रातील सहजता कामाच्या सोयीतून, श्रद्धेशी होणाऱ्या तडजोडीतून आणि काळाच्या ओघातूनच येते. १९२५ च्या हॅटला हा आत्मविश्वास न्यायाधिकरणांनी दिला नाही. नमाजासाठी टोपी उलटी फिरवून पुन्हा सरळ करणाऱ्या अनाम शेतकऱ्याने तो दिला.