ग्रिम्सबीचा पाण्याचा मनोरा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर खाडीच्या मुखाजवळ ग्रिम्सबी हे बंदर आहे. तेथील रॉयल डॉक या गोदीच्या प्रवेशद्वारापाशी ३०९ फूट उंचीचा विटांचा चौकोनी मनोरा आहे. १८५२ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा पाण्याची टाकी उंचावर ठेवण्यासाठी बांधला गेला.

ओहोटीला खाडीचे पाणी उतरले तरी गोदीतली जहाजे तरंगती राहावीत, म्हणून गोदीला दरवाजे असतात. हे अवजड दरवाजे उघडणे-मिटणे आणि जहाजांवरचा माल चढवणे-उतरवणे यांसाठी पूर्वी माणसांचे बळ लागे. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळातील पाण्याच्या दाबावर चालणारी यारी उभारली. ग्रिम्सबीच्या गोदीचे अभियंते जेम्स रेंडेल यांनी हीच शक्ती वापरायचे ठरवले. त्यासाठी दाब कायम आणि पुरेसा हवा होता.

सुमारे ३३ फूट उंचीच्या पाण्याने एका वातावरणाइतका दाब मिळतो. मनोऱ्यातली ३०,००० गॅलनची टाकी जमिनीपासून सुमारे २०० फुटांवर होती. म्हणजे खालच्या नळांत सहा वातावरणांइतका दाब येई. त्यावर गोदीचे दरवाजे आणि १५ याऱ्या चालत.

मनोऱ्याचे रूप जेम्स वाइल्ड या वास्तुकाराचे. इटलीतील सिएना शहराच्या चौदाव्या शतकातील तोरे देल मांजा या मनोऱ्यावरून त्यांनी ते बेतले. खालून वर सरळ जाणाऱ्या विटांच्या भिंती, माथ्याशी बाहेर झुकलेला सज्जा आणि त्यावर निमुळता कळस अशी त्याची रचना आहे. वाइल्ड इजिप्तमध्ये राहिले होते. कळसात मशिदीच्या मिनाराची छटा दिसते. बांधकामाला सुमारे दहा लाख विटा लागल्या.

मनोरा पुरा होण्याआधीच त्याला पर्याय निघाला होता. हंबरच्याच काठावर न्यू हॉलंड येथे याऱ्या बसवताना, तिथली भुसभुशीत जमीन उंच मनोरा पेलणार नाही, हे आर्मस्ट्राँग यांच्या लक्षात आले. त्यांनी एका उभ्या नळकांड्यात दट्ट्या बसवला आणि त्याच्यावर जड वजन लादले. वाफेचा पंप पाणी आत ढकली, तसा दट्ट्या वजनासह वर जाई. यारी सुरू झाली की तो खाली येऊन पाणी जोराने नळांत रेटी. दाब आता उंचीऐवजी वजनावर ठरू लागला आणि तो पन्नास वातावरणांच्या आसपास नेता आला. दाब वाढल्याने तेवढेच काम कमी पाण्यावर आणि बारीक नळांतून होऊ लागले.

पुढे गोद्यांमध्ये हीच पद्धत रूढ झाली. ग्रिम्सबीतही १८९२ मध्ये शेजारीच दट्ट्या-वजनाच्या यंत्रासाठी ७८ फुटांचा बुटका मनोरा बांधून जुन्या टाकीचे काम थांबवण्यात आले. जुना मनोरा आज पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.