डे, रॉबिन

(२५ मे १९१५–९ नोव्हेंबर २०१०). ब्रिटिश फर्निचर-अभिकल्पकार. पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा जनक म्हणून विशेष प्रसिद्ध. जन्म इंग्लंडमधील हाय विकम येथे. बीच वृक्षाच्या लाकडाच्या खुर्च्यांसाठी हे गाव पूर्वापार विख्यात होते. तेथील कलाशाळेत शिकून व काही काळ स्थानिक कारखान्यात काम करून त्याने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील शिक्षण १९३८ मध्ये पूर्ण केले. १९४२ मध्ये त्याने ल्यूसियेन कॉनरॅडी हिच्याशी विवाह केला. ल्यूसियेन डे या नावाने तीही वस्त्र-अभिकल्पकार म्हणून ख्यातनाम झाली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाकडाची तीव्र टंचाई होती. फर्निचरचे उत्पादन १९४२ पासून सरकारी नियंत्रणाखाली, ठरावीक नमुन्यांनुसार होई. हे नियंत्रण १९५२ पर्यंत टिकले. मोजक्या साहित्यात, सामान्य माणसास परवडेल असे व तरीही देखणे फर्निचर कसे घडवावे, हा त्या काळाचा प्रश्न होता आणि डेच्या साऱ्या कार्याचे मूळ त्यातच आहे. न्यूयॉर्कच्या म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्टने १९४८ मध्ये जाहीर केलेल्या अल्पखर्ची फर्निचर-स्पर्धेत क्लाइव्ह लॅटिमर याच्यासह त्याने सादर केलेल्या साठवणीच्या कपाटांना त्या विभागातील प्रथम पारितोषिक लाभले. त्यामुळे लंडनच्या ‘हिल’ या संस्थेशी त्याचा संबंध जडला. जुन्या घाटाचे, हातकामाचे फर्निचर बनविणाऱ्या या संस्थेस त्याने आधुनिक उत्पादनाकडे वळविले. एकावर एक रचता येणारी ‘हिलस्टॅक’ ही प्लायवुडची खुर्ची (१९५०) व लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील आसने (१९५१) ही त्याची आरंभीची महत्त्वाची कामे.

पॉलिप्रोपिलीनच्या खुर्चीचे उत्पादन १९६३ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी अमेरिकेत चार्ल्स व रे ईम्स यांनी काचतंतुमिश्रित प्लॅस्टिकच्या अखंड बैठकीची खुर्ची घडविली होती. डेची कल्पना तिच्याशी नाते सांगते परंतु त्याने योजिलेले द्रव्य हलके, लवचिक व स्वस्त होते. वितळलेले पॉलिप्रोपिलीन दाबाने पोलादी साच्यात भरले, की पाठ व बैठक यांचे एकसंध कवच अल्पावधीत तयार होई. त्यास पोलादी नळ्यांचे पाय जोडले जात. साचा अतिशय खर्चिक असल्याने प्रचंड खप झाला, तरच हा उद्योग परवडणारा होता. कवचाची वळलेली कड त्यास बळकटी देई. हाताच्या खुर्च्या (१९६७) व शाळकरी मुलांसाठी लहानमोठ्या आकारांची मालिका ही तिचीच पुढील रूपे होत. शाळा, रुग्णालये, सभागृहे व उपाहारगृहे यांतून ही खुर्ची सर्वत्र पोहोचली. तिच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या व नकलाही असंख्य निघाल्या.

डेला ‘रॉयल डिझाइनर फॉर इंडस्ट्री’ हा सन्मान (१९५९) व ओ. बी. ई. हा किताब (१९८३) मिळाला. २००९ मध्ये त्याच्या खुर्चीचे चित्र ब्रिटिश टपाल तिकिटावर झळकले.

प्लॅस्टिक नष्ट होत नाही, हा आक्षेप या खुर्चीवरही घेता येतो. तथापि ती वापरून टाकून देण्यासाठी नव्हे, तर वर्षानुवर्षे टिकण्यासाठी घडविलेली होती. अनावश्यक अलंकरण टाळून वस्तूचा उपयोग, द्रव्य व किंमत यांचा मेळ घालणे, हे डेच्या कलेचे मर्म होय. तिच्यावर बसणाऱ्या बहुतेकांना तिच्या कर्त्याचे नावही ठाऊक नसते, यातच तिच्या यशाची साक्ष आहे.