पुंजयामिकी, जाणीव आणि अतींद्रिय संवेदन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मानवी जाणिवेचा उलगडा पुंजयामिकीच्या आधारे करता येईल, हा विचार विसाव्या शतकात दोन वाटांनी पुढे आला. एक वाट मापनाच्या प्रश्नातून निघाली, तर दुसरी अतींद्रिय संवेदनाच्या दाव्यांतून. या दोहोंची गल्लत झाल्याने मूळ प्रश्नाचेच नुकसान झाले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मापनाकडून मेंदूकडे :
निरीक्षित वस्तू व निरीक्षक यांमधील सीमारेषा गणिताच्या दृष्टीने कोठेही आखता येते, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये दाखविले. यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये ती रेषा थेट जाणिवेपाशी नेली. मात्र पुढे त्यांनीच ही भूमिका सोडली. रॉजर पेनरोझ यांनी हा क्रम उलटा केला. जाणिवेमुळे पुंजावस्था कोसळत नाही, तर ती कोसळण्याच्या प्रक्रियेतून जाणीव उद्भवते, अशी मांडणी त्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकन भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमेरॉफ यांच्यासमवेत केली. चेतापेशींतील सूक्ष्मनलिका हे त्या प्रक्रियेचे स्थान मानले गेले. मेंदूच्या उबदार वातावरणात अशी अवस्था १०⁻¹³ सेकंदाहून अधिक टिकणार नाही, असे गणित मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये मांडले. चेतापेशींचे व्यापार मात्र सेकंदाच्या सहस्रांशात वा त्याहून सावकाश चालतात. २००२ मध्ये हॅमेरॉफ व सहकाऱ्यांनी या गणिताच्या गृहीतकांवर आक्षेप घेतला.

अतींद्रिय संवेदनाचे दावे :
स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील रसेल टार्ग व हॅरॉल्ड पुटहॉफ यांनी १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये दूरदर्शनक्षमतेचे, म्हणजे इंद्रियांविना दूरचे स्थळ जाणण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. मूल्यमापनासाठी दिलेल्या संभाषणांच्या प्रतींत स्थळांचा क्रम सुचविणारे धागेदोरे राहून गेले होते, हे डेव्हिड मार्क्स व रिचर्ड कॅमन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. अमेरिकन शासनाने या संशोधनाचा कार्यक्रम १९९५ मध्ये बंद केला. 'पुंज-गुंतागुंती'चा आधारही येथे टिकत नाही. कारण केवळ तिच्याद्वारे संदेश पाठविता येत नाही, हे पुंजयामिकीच्याच नियमांतून सिद्ध होते.

निष्कर्ष :
पेनरोझ यांची उपपत्ती चुकीची ठरू शकते. परंतु ती आकड्यांनी खोडता येते, हेच तिचे वैज्ञानिक मोल होय. अतींद्रिय संवेदनाला मात्र तिच्यातून कोणताही आधार मिळत नाही. 'क्वांटम' हा शब्द प्रमाणपत्रासारखा वापरला जात असताना हा भेद विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडणे, ही विज्ञान व मानव्यविद्या या दोन्ही शाखांच्या अध्यापकांची जबाबदारी ठरते.