तिवरांचा खटला

कोळ्यांची तिवरं, सरकारी भाषेत कांदळवन. मुंबईच्या खाड्यांकाठची ही झाडे वाचवण्यात निसर्गप्रेमाइतकाच वाटा जमिनीच्या नोंदींचाही आहे, असे उच्च न्यायालयाचे आदेश क्रमाने वाचताना माझे मत बनले.

संरक्षणाचे नियम आधीही होते. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनाला सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले होते. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात, मालकी कोणाचीही असो, ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरावा असे सांगितले होते. तरी तिवरे जात होती. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, झाडे उभी वाळू द्यायची आणि वर राडारोडा टाकायचा, ही भरावाची ओळखीची रीत. कुऱ्हाड न चालवताही जंगल ‘पडीक जागा’ होई आणि अशा जागेची जबाबदारी घेणारे एक खाते नसे.

२००४मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. याचिका प्रलंबित असतानाच २६ जुलै २००५चा प्रलय आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी सामावणाऱ्या खाजणांचे मोल शहराला नव्याने कळले. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: राज्यभर कांदळवनाची तोड बंद, तेथे भराव टाकणे बंद, भोवतीच्या पन्नास मीटरांत बांधकाम बंद. शिवाय कांदळवनाचे नकाशे तयार करावेत आणि सरकारी जमिनीवरचे कांदळवन संरक्षित वन म्हणून घोषित करून वनखात्याच्या ताब्यात द्यावे.

माझ्या मते या आदेशाचा गाभा शेवटच्या कलमात आहे. मनाई मोडता येते. पण जमीन एकदा वन म्हणून नोंदली गेली, की तिच्यावर राखणदार नेमावा लागतो. २०१२मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाले. १७ सप्टेंबर २०१८च्या अंतिम निकालात न्या. अभय ओक आणि न्या. रियाज छागला यांनी कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य असेल तरच तोड, तीही न्यायालयाच्या परवानगीने, ही चौकट पक्की झाली.

चौकटीत दार मात्र आहे. ९ डिसेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे बावीस हजार कांदळझाडे तोडण्यास परवानगी दिली. मूळ आकडा त्रेपन्न हजारांच्या वर होता. तो आराखडा बदलून खाली आणल्याचे सांगण्यात आले. बदल्यात पाचपट लागवडीचे आश्वासन होते. पण रोपे मोजली म्हणजे खाडीतला गाळ, निवट्या आणि खेकडे परत आले असे होत नाही.

म्हणून हा खटला निव्वळ विजयगाथा म्हणून सांगू नये, असे मला वाटते. पूर्वी तोड थांबवायला नागरिकाला कोर्टात जावे लागे, आता तोडणाऱ्याला जावे लागते. ही कमाई मोठी आहे. पण प्रत्येक अर्ज सुटा येतो आणि सुटाच तपासला जातो, खाडी मात्र एकच असते. दिलेल्या सगळ्या परवानग्यांची बेरीज एका नकाशावर मांडणे, हे या इतिहासाचे पुढचे काम आहे.